छाट

कुंभारीच्या घरकुलात दुपारी पंख्यालाही घाम येतो.
अम्माच्या मांडीवर सूप, माझ्या मांडीवर लॅपटॉप,
दोघींच्या मध्ये पाण्याचं पिंप, तळाला गेलेलं.
आज चौथा दिवस. नळ उद्या.

ती पत्र्याचा फर्मा ठेवते तेंदूच्या पानावर,
कातरी फिरवते, उरलेलं कोपऱ्यात ढकलते.
मीही तेच करतेय, सांगते तिला:
ऑर्डर कशी दिसली पाहिजे, त्याचा फर्मा.
टॉवेल किती डझन: पूर्णांक, शून्याहून मोठा.
रंग: या सातांपैकी.
पिनकोड: सहा आकडे.
पायथन, फास्टएपीआय, पाच ओळी.
"आणि कातरी?"
कातरी त्याची तोच चालवतो, अम्मा.

सर्व्हर अजून कुठेच चढवलेला नाही,
तरी मी त्याला विचारून बघते, खोट्या गिऱ्हाइकाच्या आवाजात:
उणे पाच डझन द्या.
लालऐवजी लाल्ल.
डझनाच्या रकान्यात माझं नाव, श्रीलता.
चारशे बावीस, म्हणतो तो. चारशे बावीस. चारशे बावीस.
आणि दरवेळी खाली लिहून देतो
कुठल्या रकान्यात, काय चुकलं.

हे मी उगाच पुन्हा पुन्हा चालवते.

आठ वर्षांची होते तेव्हा
कारखान्याच्या खिडकीशी तिच्यासोबत उभी राहायचे.
चेकर मल्लेशप्पा कट्टा उचलायचा, अंगठ्याने दाबायचा,
दोन कट्टे बाजूला. छाट.
का, ते कधीच नाही.
हजारातल्या पन्नास-साठ,
सणाच्या आधी शंभरसुद्धा.
अम्मा विचारायची नाही. मागे रांग असायची.
परत येताना माझ्या हातात चिंचेची गोळी
आणि तिच्या तोंडात तेलुगूतली एक शिवी,
तीच, अशोक चौकापर्यंत.

रात्री पावणेतीनला नळ आला.
हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरला.
मग झोप कुठली. टेस्ट चालवल्या.
एकोणीसच्या एकोणीस हिरव्या.
स्क्रीन तिच्याकडे फिरवली: बघ,
वाईट माल परत पाठवतो, आणि कारण सांगून.

तिने ओले हात पदराला पुसले.
"सांगतो ते बरंय.
पण छाटलेलं जातं कुठं?"

कुठे म्हणजे?

"आमचं छाटलेलं तो परत कुठं देत होता?
मजुरी कापायचा, अन् बिड्याबी ठेवून घ्यायचा.
तेच कट्टे बांधून विकले असणार की."

कुठेच जात नाही गं, म्हणाले मी.
ती आत जाऊन आडवी झाली.
मला काही ते वाक्य गिळेना.

विसावी टेस्ट लिहिली:
साठा शंभर डझन.
चाळीस मागव, आमची गाडी जात नाही अशा पिनकोडवर.
चारशे बावीस यायला हवं. आलं.
आता साठा मोज. शंभर हवेत.

साठ.

लाल ओळ. खाली माझाच कोड, माझ्याच हातचा:
आधी वजा, मग तपास.
गिऱ्हाईक परत गेलेलं,
चाळीस डझन टॉवेल गोदामात पडून आणि वहीत नाहीत.
म्हणजे खिडकीच्या आत मीच बसले होते,
अंगठा घेऊन.

दोन ओळींची अदलाबदल केली. विसावी हिरवी.
टेस्टला नाव द्यावं लागतं:
आधी टेस्ट, मग शब्दाशब्दात खालची रेघ.
टेस्ट_छाटलेलं_जातं_कुठं.
पायथनला देवनागरी चालते.
ऑफिसातल्या मुर्तुझाला चालते का, सोमवारी कळेल.

उजाडलं तेव्हा तिची कातरी सुरू झालेली.
"सापडलं का काही?"
हो.
"किती?"
चाळीस डझन.
तिने पंचविसावी बिडी मोजली, दोरा गुंडाळला, दाताने तोडला.
"अगाई," म्हणाली,
"एवढं तर मल्लेशप्पानंबी कधी खाल्लं नाही."